तुर्भ्याचा ई-भंगाराचा गाळा: आर्ट शोसाठी माल घ्यायचा असेल तर

या गाळ्यात ढीग भावाने लागतात, रूपाने नाही. मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर आत, काट्याच्या मागे, मालकाच्या नजरेसमोर. तांब्याच्या कॉइली आणि ट्रान्सफॉर्मर शेजारी गोण्यांत. कीबोर्ड, प्रिंटर आणि फुटक्या पडद्यांचे मॉनिटर मात्र दाराबाहेर ताडपत्रीखाली, कारण त्यात धातू कमी. कन्व्हेन्शनच्या (चाहत्यांच्या मेळाव्याच्या) आर्ट शोसाठी काही करायचं असेल तर खरी खरेदी या बाहेरच्या ढिगात आहे, तीही स्वस्तात. पहिल्यांदा येणारा बहुधा आतल्या हिरव्या बोर्डांवरच पैसे घालवून परततो.

जायचं तर तुर्भे स्टेशनला उतरून पूर्वेला, ठाणे-बेलापूर रोड ओलांडून एमआयडीसीत. पश्चिमेला वळलात तर एपीएमसीत कांदे-बटाटे मिळतील. गाळ्याला पाटी नाही, बाहेर मॉनिटरांची चळत हीच खूण. सकाळी लवकर गाठावा. दुपारी टेम्पो उतरायला लागले की कोणी ढीग उपसू देत नाही.

सगळं किलोवर. दर इथे लिहून उपयोग नाही, कारण बोर्डाचा भाव सोन्या-तांब्याबरोबर हलतो. पण एक हिशोब कायमचा: हीटसिंक (चिप थंड ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा) आणि लोखंडी पट्टीसकट बोर्ड काट्यावर गेला तर अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडाचे पैसेही बोर्डाच्या दराने मोजावे लागतात. तोलण्याआधी ते काढून मागा. मालक कुरकुरतो, पण पक्कड देतो. चिपा काढून घेतलेला ‘सोललेला’ बोर्ड वेगळा ठेवलेला असतो, तो बराच स्वस्त पडतो आणि पार्श्वभूमीसाठी तेवढा पुरतो.

किती घ्यायचं? दोन बाय तीन फुटांचं पॅनेल पूर्ण झाकायचं तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड (मदरबोर्डचं एक ठरलेलं माप, २४४ बाय २४४ मिमी) दहा लागतात, कापाकापी धरून बारा घ्यावेत. डीडीआर-३ रॅमची पट्टी १३३ मिमी लांब आणि ३० मिमी उंच. माशाचे खवले किंवा कौलं करायची असतील तर याच्याइतकी सरळ, एकसारखी वस्तू भंगारात दुसरी नाही. पण रॅम सोन्याच्या दातांमुळे महाग. कीबोर्डच्या १०४ बटणांत हेच काम फुकटात होतं.

आता बाहेरचा ढीग. जुन्या मॉनिटरमध्ये काच फुटलेली असली तरी तिच्या मागे दोन-तीन पातळ फिल्म आणि एक जाड अ‍ॅक्रिलिकची पाटी शाबूत असते. पाटीच्या एका अंगावर बारीक ठिपके असतात. कडेने आत शिरलेला उजेड त्या ठिपक्यांवर आपटून समोर सम पसरतो. विकतचा लाइटबॉक्स याहून वेगळं काही करत नाही. सतरा इंची जुन्या चौकोनी मॉनिटरची पाटी साधारण ३४ बाय २७ सेंमी निघते. तिच्या दोन्ही लांब कडांना १२ व्होल्टची, मीटरला ६० दिव्यांची आणि ४.८ वॅटची एलईडी पट्टी लावली की एकूण सव्वातीन वॅट होतात. समोर कीबोर्डच्या आतली पारदर्शक मेम्ब्रेन शीट ठेवा. रेषांची ती नक्षी मागून उजळली की पाहणारा ‘हे कशाचं आहे?’ असं विचारतोच. मात्र जुन्या मॉनिटरच्या कडेला काडीइतकी बारीक ट्यूब असते, तिच्यात पारा असतो. ती धातूच्या खोबणीसकट काढावी, वाकवू नये. एलईडीवाल्या नव्या मॉनिटरला ही भीती नाही, पण त्यांची पाटी पातळ असते.

हार्डडिस्कचा ढीग आतही असतो आणि बाहेरही, दोन्हीकडे भाव वेगळा. डेस्कटॉपची साडेतीन इंची घ्या. तबकडी ९५ मिमीची, अ‍ॅल्युमिनियमची, आरशासारखी. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुतेक काचेची असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर तिच्या ठिकऱ्या उडतात, म्हणून गॉगल लावा किंवा तो ढीग सोडूनच द्या. झाकणाला टी-८ टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर एक स्क्रू स्टिकरखाली लपलेला आहे. बोटाने स्टिकर चाचपा, खड्डा लागतो. तबकडी फक्त कडेने धरा. बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातात, ओरखडा जात नाही. आतलं चुंबक पट्टीवरून पेचकसाने उपटू नका. त्यावरचा निकेलचा मुलामा उडतो आणि खालचा काळा चुरा सगळ्या कामाला चिकटतो. पट्टी दोन पकडींत धरून वाकवली की चुंबक आपोआप सुटतं.

तीन वस्तू घेऊ नयेत. पहिली, जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही: आत निर्वात, काचेत शिसं. दुसरी, फुगलेली कोणतीही बॅटरी. तिसरी, ‘उघडून घ्या’ म्हणून दिलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), निदान ज्याला हाताळता येत नाही त्याने. आपल्या २३० व्होल्टवर त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतात आणि वायर काढल्यावरही राहू शकतात. उघडायचाच तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना अर्धा मिनिट लावून मग मल्टिमीटरने खात्री करावी. पेचकसाने ठिणगी काढणं ही इथली पद्धत आहे, तिच्याकडे बघायचं आणि आपण करायचं नाही.

तक्रारी. पावसाळ्यात ताडपत्री गळते आणि जूनपासूनच्या मालाला कळंक लागतो. ट्रॅकवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांवर, हिरवट पूड दिसली तर तो बोर्ड घेऊ नये. वरून क्लिअर स्प्रे मारला तरी खालून कळंक चढत राहतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी डाग दिसतो. बिल मागितलं तर वहीतलं पान मिळतं. बोर्ड कापून मिळत नाहीत. शेजारी पत्रा कापणारा गाळा आहे, पण तिथेही नकारच येईल, आणि तो बरोबर आहे, कारण हिरव्या बोर्डातल्या काचेच्या धाग्याने पत्रा कापायच्या यंत्राचं पातं बोथट होतं. घरी इंचाला ३२ दात असलेलं हॅकसॉ ब्लेड वापरा, बोर्डावर पाणी शिंपडत, एन-९५ मास्क लावून. ती धूळ काचेची आहे, हातात रुतते आणि फुफ्फुसात गेली तर निघत नाही. पत्र्याच्या कात्रीने कापलात तर कडा पांढरी पडून पापुद्रे सुटतात. टीव्हीतले तपकिरी बोर्ड सहज कापले जातात, पण कडेने चुरतात.

सुटे भाग हवे असतील तर बोर्डाला मागून हॉट एअर गनची गरम हवा द्या. शिसं-कथलाचा जुना डाख १८३ अंशांना वितळतो, बिनशिशाचा २१७च्या पुढे. युरोपात शिशावर १ जुलै २००६पासून निर्बंध आले, म्हणून त्याआधीचे बोर्ड पटकन मोकळे होतात. हे काम गॅलरीत नको, मोकळ्या जागी करा, आणि चहाला हात लावण्याआधी साबणाने धुवा. बोर्ड पेटवून भाग काढणारे भेटतील. त्या धुरात ब्रोमीनयुक्त रसायनं जळलेली असतात.

चिकटवण्याचं बोलायचं तर फेविक्विकच्या जातीचा गोंद काळ्या चिपेभोवती पांढरी झाक सोडतो, ती स्पॉटलाइटखाली ठळक दिसते. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात टेम्पोत मऊ पडतो आणि हॉलच्या एसीत कडक होऊन सुटतो. दोन ट्यूबचा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांचा नव्हे, रात्रभर धरणारा. बोर्डाची गुळगुळीत पाठ आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. त्याहून चांगलं म्हणजे बोर्डाला मुळात असलेली भोकं वापरा. पितळी स्पेसर (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) याच गाळ्यात मूठभर मिळतात. ६, १०, १५ मिमी अशा वेगवेगळ्या उंचीचे लावले की सपाट पॅनेलला खोली येते. स्क्रू मात्र आपसांत मिसळलेले असतात. काही एम-३ (मिलिमीटर मापाचे), काही ६-३२ (इंची मापाचे) आट्यांचे. दोन वळशांत अडला तर तो दुसऱ्या जातीचा, जोर लावू नका.

वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रासारख्या हॉलमध्ये न्यायचं तर वजन आधी मोजा. १२ मिमी प्लायचं दोन बाय तीनचं पॅनेल रिकामंच चार किलोच्या आसपास जातं, ६ मिमीचं दोन किलो. त्यावर दहा सोललेले बोर्ड म्हणजे आणखी चार-पाच किलो. आर्ट शोची पॅनेलं बहुधा जाळीची किंवा भोकांच्या बोर्डाची असतात, म्हणून मागे दोन डी-रिंग आणि वायर लावूनच न्या. प्लग पॉइंट मिळेल असं धरू नका. वरच्या लाइटबॉक्सला तीन १८६५० सेलचा (रिचार्ज होणारे लिथियम सेल), संरक्षक सर्किट असलेला पॅक सहा-सात तास पुरतो. सेल नवे घ्या, ढिगातल्या लॅपटॉप बॅटरीतले नकोत.

पाचपैकी साडेतीन. मालासाठी साडेचार दिले असते, ताडपत्रीने एक खाल्ला.

उरलेले तुकडे गाळेवाला परत घेतो, पण बोर्ड आणि प्लास्टिक वेगळ्या गोण्यांत नेले तरच. एकत्र नेलं तर सगळं प्लास्टिकच्या भावात जातं. कापल्यावरची काचेची धूळ आणि मॉनिटरची ट्यूब त्याला देऊ नका, पालिकेच्या घंटागाडीतही टाकू नका. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. धूळ ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, ट्यूब तिच्या खोबणीतच ठेवून, वर चिठ्ठी लावून द्या.