गोल्ड पर्लच्या नावाखाली ब्राँझ पावडर, 54,575 रुपये पाण्यात

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांनो, स्लीव्ह-बॉक्स-पत्रिका छापणाऱ्यांनो, सीझनच्या तोंडावर हे वाचून घ्या. इंपोर्टेड गोल्ड पर्ल पिगमेंट (शाईत घालायची अभ्रकाची सोनेरी पावडर) म्हणून मला 25 किलोचा ड्रम साध्या ब्राँझ पावडरीचा, म्हणजे धातूच्या पिठाचा, टेकवला. 1,850 रुपये किलो, 18 टक्के जीएसटी धरून 54,575, ट्रान्सपोर्टचे 1,350 वेगळे. सगळे पैसे आधी, एनईएफटीनं. "आधी कशाला दिलेस?" असं विचारणारे बरेच भेटले, त्यांनी दिवाळीच्या आधी कोल्हापुरात उद्यमनगरात येऊन नवीन व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलून दाखवावा, मग बोलू.

काम होतं मिठाईच्या बॉक्सवर चढवायच्या 12,000 स्लीव्हचं (पुठ्ठ्याच्या कव्हरांचं), मरून रंगाच्या ऑफसेट छपाईवर सोनेरी कोयऱ्या. दुकानदाराची अट अशी की सॉल्व्हंटचा वास अजिबात नको, म्हणून वॉटर बेस शाई. वॉटर बेसमध्ये ब्राँझ टिकत नाही हे मला कुणी शिकवायला नको, बापाच्या काळापासून प्रेस आहे, म्हणूनच तर पर्ल घ्यायचं ठरवलं. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम आणि आयर्न ऑक्साइडचा थर, काळं पडायचा प्रश्नच नाही. सुटं घेतलं तर 3,200 नी पूर्ण ड्रमला 1,850 असा रेट होता, पुढं लग्नसराई होतीच, आणि शेजारच्या दोन प्रेसवाल्यांनी माझ्या शब्दावर पाच-पाच किलो सांगितलं. (त्यांचे प्रत्येकी 10,915 मी खिशातून परत केले. चहाच्या टपरीवर अजून टोमणे चालूच आहेत.)

सँपल अस्सल होतं हे लक्षात घ्या. 50 ग्रॅमचं पाकीट कुरिअरनं आलं, काळ्या कार्डावर ओढून बघितलं, तिरकं धरलं की झळाळी बदलत होती, खाली काळं दिसत होतं. फसवणारा सँपलमध्ये कधीच फसवत नाही, त्यामुळं सँपल पास झालं म्हणून पैसे सोडू नका, सीलबंद ड्रममधनं स्वतः काढलेला माल तपासा.

आता ज्या दिवशी कळायला हवं होतं तो दिवस. झाकण काढलं तर ड्रम निम्मासुद्धा भरलेला नाही. काट्यावर ठेवला तर वजन 25 किलो बरोबर. पर्लची पावडर हलकी, फुगलेली असते, 25 किलो म्हटलं की ड्रम गच्च भरतो, आणि इथं तळाशी जड पीठ. मी मनाशी म्हणालो, टेंपोत आदळून बसलं असेल. मग ट्रायल काढली, मरून रंगावर शाईच्या एकाच हातात सोनं, खालचा रंग पूर्ण झाकलेला, आणि मी पोराला म्हणतोय, "कव्हरेज बघ काय आलंय!" अरे, पर्ल असं झाकतं का कधी? खालचा रंग दिसतो म्हणून तर ते पर्ल! त्यात पोरानं चुकून 77 च्या ऐवजी 120 ची बारीक जाळी लावलेली आणि तरी शाई लोण्यासारखी उतरत होती. लेबलवर कणाचा साइझ 10 ते 60 मायक्रॉन, 120 च्या जाळीचं भोक जेमतेम 50 चं, मग ती चोक का झाली नाही? हे सगळं आता रात्री अंथरुणात सुचतं. तेव्हा दुकानदाराचा फोन तासाला वाजत होता आणि समोर माल छान छापून येत होता, अशा वेळी मशीन बंद करून भिंगातून पावडर बघत बसणारा प्रेसवाला मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतली शाई घट्ट, कडेला हिरवट. आठवड्यात कोयऱ्या काळपटल्या, तुपाचा हात लागला की बोट काळं. दुकानदार लॉट घेऊन आला आणि खाण्याच्या पॅकिंगवरच्या शाईला आयएस 15495 हे भारतीय मानक लागतं, फूडवाल्यांकडं (अन्न खात्याकडं) जाऊ का, म्हणून सगळ्यांसमोर दम देऊन गेला. 78,000 चं बिल बुडालं, वर बोर्ड आणि मरून छपाईचे 41,400 माझेच. शाई कंपनीतल्या मित्रानं मायक्रोस्कोपखाली बघून एका मिनिटात सांगितलं, अभ्रकाच्या पापुद्र्यातून उजेड आरपार जातो, इथं सगळे कण ठार काळे, धातू आहे.

व्यापाऱ्याला फोन केला तर "दादा, तुमच्या बाइंडरमध्ये लोचा आहे." (बाइंडर म्हणजे पावडर कालवायचं शाईचं द्रावण.) मग ब्लॉक.

पोलीस स्टेशनला गेलो. "माल आला ना? मग हा सिव्हिल मॅटर." मी म्हटलं साहेब, चारशे वीस, आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) 318, ते लावा की. तर म्हणे "पर्ल म्हणजे मोती ना, ड्रममध्ये मोती नव्हते का?" आणि शेजारचे दोघं हसले. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावलं, तिथं एकच प्रश्न, ओटीपी दिला होता का. नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक आयोगाच्या दारातच एक वकील म्हणाले धंद्यासाठी घेतलेला माल, कमर्शियल पर्पज, पोटापाण्याचा स्वयंरोजगार आहे हे आधी सिद्ध करा. कुणीतरी एमएसएमई समाधान पोर्टल सुचवलं, ते तर ज्याचं येणं अडकलंय त्या विकणाऱ्यासाठी आहे! म्हणजे उद्या त्यानंच माझ्यावर तक्रार टाकायची. जीएसटी ऑफिसात कळलं की बिलावरचं रजिस्ट्रेशन केव्हाच रद्द झालेलं, म्हणून 2बी मध्ये (खरेदीवरचं क्रेडिट दाखवणाऱ्या जीएसटी स्टेटमेंटमध्ये) एंट्री नाही, जीएसटीच्या 8,325 चं क्रेडिट गेलं. कारवाई करा म्हटलं तर "नंबर 24 नं सुरू होतोय, गुजरातला कळवा." गोडाऊन भिवंडीचं, नंबर गुजरातचा, हे मला दिसलं नव्हतं असं नाही, पण बिल एकीकडचं आणि माल दुसरीकडचा हे आमच्यात रोजचं आहे. तुम्ही मात्र पैसे टाकायच्या आधी जीएसटी पोर्टलवर विकणाऱ्याचा नंबर टाका, लॉगिनसुद्धा लागत नाही.

आणि ड्रमवरचा बॅच नंबर मालाच्या सर्टिफिकेटशी ताडा, माझ्या ड्रमवर स्टिकरवर स्टिकर होता. चिमूटभर पावडर वॉटर बेस बाइंडरमध्ये कालवून दोन-तीन रात्री ठेवा, ब्राँझ असेल तर हिरवं पडतं नाहीतर गोठतं, पर्लला काही होत नाही. सील तोडून ड्रम उघडतानाचा आणि वजन करतानाचा व्हिडिओ काढा. माझ्याकडं नाही, म्हणून पोलीस म्हणाले पावडर तुम्हीच बदलली कशावरून.

सध्या तक्रार अर्ज "चौकशीवर" आहे. व्यापाऱ्याच्या त्याच फोन नंबरवर आता दुसऱ्या फर्मचं नाव आणि "लग्नसराई स्पेशल गोल्ड पर्ल 1,750" असा स्टेटस आहे, हे मला दुसऱ्या प्रेसवाल्यानं दाखवलं. तुम्हाला कुणाला हा मेसेज आला असेल तर स्क्रीनशॉट पाठवा, तारीख दिसू दे. दोन-तीन जणांचे एकत्र अर्ज असले तर घेतो असं हवालदार म्हणालेत.