एअर फोर्कच्या नावाखाली १३,५०० ला फसले, ई-सायकलचं सस्पेन्शन बदलणाऱ्यांनी आधी हे वाचा

पंधरा दिवस लिहू की नको चाललं होतं, पण परवा ऑफिसातली एक मुलगी म्हणाली की ताई माझ्या ई-सायकलला पण सस्पेन्शन बसवून घेणारे, आणि तिने दुकान सांगितलं ते नेमकं मी फसले तेच. तिला तिथल्या तिथे थांबवलं आणि रात्री लिहायला बसले. दुकानाचं नाव देत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि तसंही ते एक दुकान टाळून उपयोग नाही, ही युक्ती कुठल्याही दुकानात होऊ शकते. युक्तीच समजून घ्या.

माझी ई-सायकल साडेसत्तावीस इंची चाकांची, मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, सगळं मिळून १९ किलो. वारजे ते डेक्कन रोज जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर होतात. मला दोन वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याची गादी सरकल्याचं निदान झालंय, डॉक्टरांनी सायकल चालवायला ना नाही केली पण दणके टाळा म्हणाले. आता पुण्यात दणके टाळायचे म्हणजे कसे? पावसाळ्यात कर्वे रोडला खड्डे, कडेने गेलं तर उचकटलेले पेव्हर ब्लॉक, आणि मधेमधे त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगा, त्यावरून गेलं की दात वाजतात. जुलैमध्ये कंबर इतकी धरली की दोन दिवस रजा काढली.

तेव्हा या दुकानात गेले. दुकान चकाचक, मुलगा बोलायला गोड. सायकल पुढून दोनदा दाबली आणि म्हणाला, "ताई, हा कंपनी फिटिंग फोर्क म्हणजे नुसता देखावा आहे, स्प्रिंगवाला. तुमची सायकल हलकी, तुम्ही पण हलक्या, याला एअर फोर्कच पाहिजे. वजनाप्रमाणे हवा सेट करून देतो, खड्डा कळणार पण नाही." (फोर्क म्हणजे आपले जुने सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात तो, पुढचं चाक धरणारा.) यातलं अर्धं खरं होतं, आणि म्हणूनच मी फसले. स्वस्त सायकलींना येणारी स्प्रिंग साधारण ७५-८० किलोच्या माणसाला धरून बसवलेली असते, माझं वजन ५८, मला ती कडकच पडणार. आणि एअर फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी हवा असते, ती वजनानुसार कमी-जास्त करता येते हेही खरंच आहे. खोटं पुढे सुरू झालं.

फोर्कचे ११,५०० आणि ट्युनिंगचे २,०००. वजन विचारलं, पाठीमागच्या तक्त्यावर बोट फिरवलं, "५८ म्हणजे ७० पीएसआय" (हवेच्या दाबाचं माप) असं म्हणाला आणि सायकल आत घेऊन गेला. मला बाहेर खुर्ची, चहा. पाऊण तासाने सायकल बाहेर आली. डाव्या नळीच्या डोक्यावर निळी चकचकीत टोपी, नळीवर एअर असं लिहिलेला स्टिकर, उजवीकडे एक फिरवायचं बटण. त्याने दोन्ही हात हँडलवर ठेवून अंग टाकून दाबलं, फोर्क मस्त खाली गेला आणि वर आला. तो मुलगा असेल पंच्याऐंशी किलोचा. तो दाबतोय म्हणजे काय, मी बसल्यावर काय होतं ते बघायला पाहिजे ना! पण मला तेव्हा सुचलं नाही. पैसे जीपे केले. बिल मागितलं तर पॅडवरचा कागद फाडून दिला, त्यावर फक्त "सस्पेन्शन काम १३,५००", ना मॉडेल ना जीएसटी नंबर. आणि जुना फोर्क मी तिथेच सोडून आले, हे तर माझं मलाच अजून लागतंय.

पहिले दोन-तीन दिवस बरं वाटलं. नवीन फोर्क, आत ताजं ग्रीस, आणि एवढे पैसे घातले की मन पण म्हणतं फरक पडलाय. चौथ्या दिवशी कंबर परत तशीच. दुकानात गेले तर "सील बसायला पाचसहाशे किलोमीटर लागतात ताई". पाचसहाशे म्हणजे माझे दोन महिने! पुन्हा गेले तेव्हा उजवीकडचं बटण फिरवलं, "रिबाउंड दोन क्लिक कमी केला" म्हणून तीनशे घेतले. मी दिले सुद्धा.

शेवटी शेजारच्या दादांनी शनिवार पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे पाठवलं. बोळातलं दुकान, आत दोन माणसं उभी राहतील एवढंच. काकांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, ड्रॉवरमधून प्लास्टिकचा झिप टाय काढला, वायरी बांधायला वापरतात तो, आणि फोर्कच्या चकचकीत नळीला बांधून खाली रबरी सीलला टेकवला. मग म्हणाले, "भिंतीला हात लावा आणि सायकलवर अलगद बसा, पाय पॅडलवर, उड्या नको." बसले, तशीच अलगद उतरले. टाय वर सरकला होता. काकांनी स्टीलची पट्टी लावली, ६ मिलिमीटर. याला सॅग म्हणतात, म्हणजे नुसतं तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते. माझा फोर्क १०० मिलिमीटरचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा खाली दबणारा, तर नुसतं बसल्यावर तो १५ ते २५ खाली जायला पाहिजे, कारण चाक खड्ड्यात उतरताना फोर्कला खाली पसरायला जागा लागते, नाहीतर चाक हवेत राहतं आणि मग आपटतं. मग टाय परत खाली करून मला बोळाच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे त्यावरून दोनदा आणायला सांगितलं. ३४. "शंभरातले चौतीस वापरले ताई, बाकीचा फोर्क तुम्ही नुसता वाहून नेताय."

मग त्यांनी ती निळी टोपी बघितली. एअर फोर्कला टोपीखाली मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तसा जाड वॉल्व्ह असतो, त्याला शॉक पंप लावतात, छोटा, घड्याळवाला, साध्या पंपाने तिथे नीट काम होत नाही. काकांनी टोपी फिरवली तर फिरेना. पातळ स्क्रूड्रायव्हर खालून घातला आणि टक् करून निघाली, मागे चिकट गोंदाची तार ओढली गेली. खाली वॉल्व्ह नव्हताच. काळं प्लास्टिकचं बटण, त्यावर एक बेरीज आणि एक वजाबाकीचं चिन्ह. म्हणजे साधा स्प्रिंगचा फोर्क, वर टोपी चिकटवलेली. मला तिथे स्टुलावर बसावं लागलं.

ते बेरीज-वजाबाकीचं बटण म्हणजे प्रीलोड. ते फिरवलं की स्प्रिंग आधीपासून जरा जास्त किंवा कमी दाबून ठेवली जाते, एवढंच. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. वजाकडे पूर्ण फिरवूनही माझा सॅग ६ चा ८ झाला, त्याच्यापुढे नाही. कडक स्प्रिंगला मऊ करायचं असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि या फोर्कला दुसरी स्प्रिंग मिळतच नाही म्हणाले. आणि उजवीकडचं, ज्याचे माझ्याकडून तीनशे घेतले, ते रिबाउंड नव्हतंच, ते लॉकआउट, फोर्क बंद करायचं बटण. रिबाउंड म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते, आणि त्याचं बटण बहुतेक वेळा उजव्या नळीच्या खालच्या टोकाला असतं, लाल रंगाचं. घरी बघायचं असेल तर सोपं आहे, बटण एका टोकाला फिरवून हँडल दाबून सोडा, मग दुसऱ्या टोकाला फिरवून दाबून सोडा. वर येण्याच्या वेगात फरक दिसला तर रिबाउंड आहे. फोर्क एकदम घट्ट झाला तर लॉकआउट. काटा लावून वजन केलं तर फोर्क २.६ किलो. काका म्हणाले एअरवाला बरा फोर्क दोन किलोच्या आत येतो, आणि हा बाजारात तीन-साडेतीन हजारापर्यंत मिळेल.

आणि सगळ्यात राग कशाचा आला माहितीये? पुढच्या डिस्क ब्रेकचा जो भाग फोर्कला दोन बोल्टने धरलेला असतो त्यातला एक बोल्ट हाताने फिरत होता. त्या ब्रेकवर मी तीन आठवडे वारज्याच्या पुलाचा उतार उतरत होते. काकांनी तो आवळला आणि माझ्याकडे बघितलं पण नाही.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते सांगते. माझी तक्रार कमरेची होती, आणि पुढचा फोर्क कितीही भारी टाकला तरी तो मनगटं, खांदे वाचवतो. कमरेला दणका येतो मागच्या चाकातून, सीटमधून. माझ्या सायकलला मागे शॉकअप नाही, आणि मोटर मागच्या चाकातच, म्हणजे तीन किलोच्या आसपास लोखंड-तांबं चाकाबरोबर प्रत्येक खड्ड्यात खालीवर होतं. जड मोटरसायकलला एवढं वजन जाणवत नाही, पण १९ किलोच्या सायकलला चाकातले तीन किलो म्हणजे खूप. तर त्या दुकानदाराने खराखुरा एअर फोर्क दिला असता तरी माझी कंबर दुखायची थांबली नसती, आणि हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

काकांनी टायर दाबले आणि गेज लावलं, दोन्हीत ६० पीएसआय. माझे टायर २.१ इंच रुंद, त्याच्या कडेवर ३५ ते ६५ असं छापलेलं आहे, पण हवा भरणारा प्रत्येकजण टणक करून देतो आणि आपल्यालाही तेच बरोबर वाटतं. माझ्या वजनाला पुढे ३६ आणि मागे ४० केली. त्याखाली जाऊ नका म्हणाले, खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते, आणि मोटरच्या चाकाचं पंक्चर काढणं सोपं नाही, वायर सोडवा, नट काढा, सगळा खटाटोप. त्या दिवशी डेक्कनवरून घरी येताना त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर मला रडू आलं. हवा काढण्याचे काकांनी पैसे घेतले नाहीत. नंतर त्यांच्याकडूनच स्प्रिंगवाला सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) घेतला, तो पण माझ्यासमोर बसवून, मी बसल्यावर किती खाली जातो ते मोजून.

म्हणून कुणाकडेही काम द्या, पण टाय आणि पट्टी घेऊन जा आणि पैसे द्यायच्या आधी तुम्ही स्वतः बसून सॅग मोजून घ्या. एअर आहे म्हणत असतील तर टोपी तुमच्यासमोर काढून पंप लावायला सांगा, घड्याळाचा काटा तुमच्या डोळ्यांनी बघा. आत नेतो म्हणाले तर तुम्ही पण आत जा. जुना पार्ट घरी आणा, मग भंगारात घाला.

दुकानदाराने आधी "तुम्ही बाहेर उघडलात, आता वॉरंटी गेली" असं सांगितलं. माझ्याकडे व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज होता, "एअर फोर्क ११,५०० फायनल", जीपेचा स्क्रीनशॉट होता, आणि काकांच्या दुकानात टोपी काढतानाचा व्हिडिओ होता, तो शेजारच्या दादांनी काढला, नशीब. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली. पक्कं बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली जाते, हे मला तेव्हा कळलं. बारा दिवसांनी दुकानातून फोन आला आणि ७,००० परत आले. बाकीचे सोडून द्या म्हणतात. सोडत नाहीये. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, वकील केलाच पाहिजे असं नाही. ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज भरून झालाय, काकांनी फोर्कबद्दल सहीनिशी लिहून दिलंय. माझा जुना फोर्क मात्र "कुठे गेला माहीत नाही".