पपी पॅड घेऊ का नको? परभणीहून रिव्ह्यू

घरात लॅब्राडॉर कुत्र्याचं पिल्लू आणलंय, दोन महिन्याचं, म्हणून हे शी-शूचे पॅड ऑनलाइन मागवले. शोषायला एक नंबर, आत जेल असतंय आणि खाली प्लास्टिक त्यामुळं फरशीवर थेंब उतरत नाही. पण कडा लई पातळ, दात लावला की कापूस घरभर, अन् ते जेल गिळलं तर अवघड, म्हणून चावायलं की पॅड उचलायचं.

नुसत्या पॅडनं काही होत नसतंय बरं का. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच पॅडवर न्यायचं, केलं की तिथल्या तिथं शाब्बास म्हणून खाऊ द्यायचा, उशिरा दिला तर त्याला कळतच नाही कशाबद्दल दिला. एवढं लहान पिल्लू दोन-तीन तासाच्या वर धरूच शकत नाही. आमचे मामा म्हणायलेत भलतीकडं केलं की त्यात त्याचं नाक घासा, अजिबात नाही, त्यानं फक्त घाबरतंय आणि मग लपून सोफ्यामागं करतंय. आणि शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका, आपल्याकडचा उन्हाळा माहितीय ना.

पॅडच्या बाहेर झालं तर फिनेल नको, कुत्र्याला विषारी असतंय, एन्झाइमवालं क्लीनर घ्या, वास राहिला की परत तिथंच करतंय.

पार्वोची (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) लस पूर्ण होईपर्यंत गल्लीत खाली सोडता येत नाही, तेवढ्यापुरते हे पॅड कामाचे. पाचपैकी साडेतीन, अर्धा कापला तो कडांसाठी, एक किंमतीसाठी.