ओयेझ: अमेरिकन सुप्रीम कोर्ट कानाने ऐकायचं असेल तर

अमेरिकन सुप्रीम कोर्टातले युक्तिवाद फुकट ऐकायला मिळतात ती ही साइट, ऑडिओबरोबर शब्द पुढे सरकत जातात त्यामुळे कुठले जज बोलतायत ते लगेच कळतं. मी एकच विषय धरून ऐकत गेलो, की गुन्हा घडला एका राज्याच्या हद्दीत, मग फेडरल म्हणजे केंद्र सरकार त्यात नाक का खुपसतं.

सुरुवात लोपेझ केसपासूनच करा. १९९२ ला सॅन अँटोनियोत बारावीतला मुलगा शाळेत .३८ ची गन आणि पाच गोळ्या घेऊन आला, टेक्सासने केस घातली, दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली गेली आणि शाळेच्या परिसरात गन बाळगायला बंदी करणाऱ्या केंद्राच्या कायद्याखाली फेडरल केस लागली. आता काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, हक्क आहे तो राज्याराज्यांतल्या व्यापारावर, शाळेतल्या गनचा व्यापाराशी काय संबंध? तर सरकारी वकील म्हणतात गनमुळे हिंसा, हिंसेमुळे शिक्षणाची वाट, शिक्षण गेलं की अर्थव्यवस्था गेली. जज ओ'कॉनर थेट विचारतात की हे चालत असेल तर मग काँग्रेसला काय करता येणार नाही ते तरी सांगा, आणि सरळ उत्तर काही येत नाही. ती ओढाताण निकाल वाचून कळत नाही हो, ऐकायलाच पाहिजे. १९९५ ला ५-४ ने कायदा उडाला.

पण फार खूश होऊ नका, १९९६ ला काँग्रेसने त्याच कायद्यात गन राज्याबाहेरून आलेली असावी वगैरे अट घालून तो परत उभा केला, आणि बहुतेक गन कधी ना कधी राज्याची हद्द ओलांडतातच!

माझी आवडती २००० ची जोन्स केस. इंडियानात एकाने चुलतभावाच्या राहत्या घरावर पेट्रोल बॉम्ब टाकला, आणि त्याला जाळपोळीच्या फेडरल कायद्यात बसवायला सरकार म्हणे हे घर आंतरराज्य व्यापारात वापरात आहे, का तर कर्ज ओक्लाहोमाच्या सावकाराचं, विमा विस्कॉन्सिनचा, गॅस बाहेरून येतो. असं धरलं तर कुठलं घर सुटणार? नऊच्या नऊ जजनी नाही म्हटलं, अर्थात संविधानाला हात न लावता, फक्त कायद्याचा अर्थ लावून.

एक लक्षात ठेवा, रेकॉर्डिंग १९५५ पासूनचंच आहे, त्यामुळे ज्यावर हे सगळं उभं आहे ती गव्हाच्या शेतकऱ्याची १९४२ ची विकर्ड केस (घरच्या वापराचा गहूही आंतरराज्य व्यापारात धरणारी) वाचूनच घ्यावी लागते. आणि पार्श्वभूमी माहीत नसेल तर पहिली दहा मिनिटं डोक्यावरून जातात, केसची माहिती आधी वाचून मग प्ले करा.

लोपेझनंतर लगेच २००५ ची राइश लावा, घरच्या घरी औषधाला लावलेल्या गांजाची. जज स्कालिया आणि केनेडी दोन्ही केसमध्ये आहेत, लोपेझमध्ये कायदा उडवणाऱ्यांत आणि इथे चक्क सरकारच्या बाजूने.