चुंबकीय उपचाराच्या नावाखाली घेतलेले १,४५,३०० रुपये

नैराश्यावरील चुंबकीय उपचार, ज्याला डॉक्टर आरटीएमएस म्हणतात, तो मुळात थोतांड नाही. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूला चालना देण्याचे मूळ तंत्र दाखवले, २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने औषधांचा गुण न आलेल्या प्रौढ रुग्णांसाठी त्याच्या यंत्राला परवानगी दिली आणि बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेतही तो दिला जातो. म्हणूनच त्याचे नाव लावून लुबाडणाऱ्या पुण्यातील एका केंद्राबद्दल माझा संताप अधिक आहे. त्यांनी पॅकेजचे १,२०,०००, 'ब्रेन मॅपिंग'चे १८,५०० आणि पूरक गोळ्यांचे ६,८०० रुपये घेतले. एकरकमी भरल्यास सूट, आणि तीही आजच्या आज. सुरुवातीलाच सगळी रक्कम मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

माझ्या पत्नीला दोन औषधांनी उतार पडला नव्हता. सकाळी तिला उठून दात घासणेही जड जात असे. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना अशा वेळी 'शंभर टक्के खात्री' या शब्दांचा काय परिणाम होतो ते सांगावे लागणार नाही. शिवाय केंद्रातील माणूस पांढरा कोट घालून मेंदूची रंगीत चित्रे दाखवत होता. त्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचारणे तेव्हा उद्धटपणाचे वाटले. तुम्ही विचारा.

मला आजही झोपू देत नाही तो क्षण वेगळाच आहे. आमच्याकडून सही घेतलेल्या संमतीपत्रात लिहिले होते की उपचाराच्या वेळी मोठा टकटक आवाज होईल आणि कानात बोळे घालावे लागतील. कुठल्यातरी खऱ्या रुग्णालयाचा मजकूर त्यांनी उतरवून घेतला असणार. डोक्यावर टोपी चढवून पत्नी शांत खोलीत बसली होती आणि तिनेच मला विचारले, "अहो, यात लिहिलेला आवाज कुठे आहे?" मदतनीस म्हणाली, "सर, आपलं मशीन सायलेंट आहे, नव्या पिढीचं." तो कागद माझ्या हातात होता. खऱ्या यंत्राच्या कॉइलमधून क्षणार्धात प्रचंड विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे आवाज होतोच आणि डोक्याच्या त्वचेवर ठोके जाणवतात. त्याआधी डॉक्टर हातापायांच्या हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागावर स्पंद देऊन उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते पाहतात आणि त्यावरून तीव्रता ठरवतात. तिचा अंगठा कोणी पाहिला नाही. डोक्यात धातूचा तुकडा आहे का, पूर्वी फिट आली होती का, हेही विचारले नाही. सेशनच्या वेळेवरून मात्र काही ठरवू नका, कारण तीन मिनिटांची मान्यताप्राप्त पद्धतही आहे.

सर्वांत घातक म्हणजे त्यांनी तिची औषधे एकदम बंद करायला सांगितली. चक्कर, अस्वस्थता आणि निद्रानाशाने तिची अवस्था इतकी बिघडली की मनोविकारतज्ज्ञांनी औषधे पुन्हा सुरू करेपर्यंत आम्ही तिला एकटे सोडू शकलो नाही. चालू औषध कोणाच्याही तोंडी सांगण्यावरून थांबवू नका.

तक्रारीला गेलो तेव्हा पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की गुण आला नाही हा गुन्हा नव्हे, दिवाणी मामला आहे. मी गुण न आल्याची तक्रार करतच नव्हतो. जो उपचार दिलाच नाही त्याचे पैसे घेतल्याची करत होतो, आणि हा फरक ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. आरोग्य खात्याने म्हटले, केंद्राची नोंद 'वेलनेस' म्हणून आहे, त्यामुळे ते आमच्या अखत्यारीत येत नाही. डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयाने म्हटले, तो माणूस डॉक्टरच नाही, मग आम्ही कारवाई कोणावर करणार? म्हणजे डॉक्टर नसताना रुग्ण तपासणारा माणूस डॉक्टर नाही याच कारणाने सुटतो! एका अधिकाऱ्याने तर माझ्या पत्नीसमोरच विचारले की शिकलेली माणसे तुम्ही, फसलात कसे. आजारी माणसाला असे विचारणाऱ्याला त्या खुर्चीवर बसण्याचा काय अधिकार आहे?

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. केंद्राने पावतीवर 'रिलॅक्सेशन सेवा' असे लिहिले होते, पण त्यांच्याच संमतीपत्रावर उपचाराचे नाव स्पष्ट छापलेले आहे आणि आमच्या वकिलांचा सारा भर त्या कागदावर आहे. अशा केंद्रात सही केली असेल तर त्या कागदाची प्रत आजच मागून घ्या. तक्रार झाल्यावर ती सहज मिळेलच असे नाही.