बाणावलीचे अतिथीगृह आणि मे महिन्यातील तेलगोळे

दक्षिण गोव्यात बाणावलीच्या किनाऱ्यालगत असलेल्या एका घरगुती अतिथीगृहात आम्ही मे महिन्याच्या उत्तरार्धात सहकुटुंब राहिलो. खोल्या साध्या व हवेशीर आहेत, माशांचे जेवण उत्तम मिळते आणि दर वाजवी आहे. मात्र या दिवसांत तेथे उतरणाऱ्याला खरा प्रश्न पडतो तो समोरच्या वाळूचा, आणि माझा अभिप्राय मुख्यतः त्याविषयी आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर वारे किनाऱ्याच्या दिशेने वाहू लागले की गोव्याच्या वाळूवर काळे, चिकट तेलगोळे येऊन पडतात. समुद्रात सांडलेल्या किंवा जहाजांनी सोडलेल्या खनिज तेलातील हलके घटक उडून जातात, उरलेले जड तेल लाटांनी घुसळून निघते आणि वाळू, शिंपल्यांचा चुरा असे जे मिळेल ते अंगाला चिकटवून घेत किनारा गाठते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांची रासायनिक तपासणी करून तेलवाहू जहाजे आणि मुंबई हायचे तेलक्षेत्र हे त्यांचे संभाव्य उगम सांगितले आहेत. तेलवाहू जहाजांनी टाक्या धुतलेले तेलमिश्रित पाणी किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या आत सोडू नये, असा मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. पण अथांग पाण्यात रात्रीच्या वेळी कोण काय सोडते, यावर पहारा ठेवणे अवघड आहे. परिणाम भोगावा लागतो तो रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडणाऱ्यांना, ज्यांची जाळी या चिकट्याने खराब होतात, आणि वाळूत खेळणाऱ्या मुलांना.

या अतिथीगृहाची मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचा प्रामाणिकपणा. खोली आरक्षित करतानाच मालकीणबाईंनी तेलगोळ्यांची कल्पना दिली आणि हवे असल्यास मुक्काम हिवाळ्यात ढकलण्याची मुभाही दिली. किनारपट्टीवर असे सांगणारे व्यावसायिक मला फारसे भेटलेले नाहीत. अंगणातील नळाशेजारी खोबरेल तेलाची बाटली, जुन्या सुती कापडाचे तुकडे आणि ते टाकण्यासाठी झाकणाचा डबा ठेवलेला असतो. हा चिकटा साबण-पाण्याने सहज निघत नाही, तेलाने मात्र सैल होतो. अनेक ठिकाणी हाती दिल्या जाणाऱ्या रॉकेलपेक्षा मुलांच्या त्वचेसाठी हा उपाय कितीतरी बरा आहे.

एका बाबतीत मात्र माझी स्पष्ट नापसंती आहे. सकाळी कामगार समोरचे गोळे फावड्याने गोळा करतात आणि मागच्या वाळूच्या टेकडीत खड्डा करून पुरतात. उन्हाने वाळू तापली की पुरलेले तेल पुन्हा पातळ होते, आणि पावसाळ्यात लाटांनी टेकडी खचली की तेच गोळे परत उघडे पडतात. शिवाय वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल तेथेच वाढते. तिची मुळे खणून काढणे म्हणजे किनाऱ्याचे दुहेरी नुकसान आहे. हे गोळे जाड पिशव्यांत भरून, इतर कचऱ्यात न मिसळता, कचरा उचलणाऱ्या यंत्रणेकडे सोपवायला हवेत. मी हे सांगितल्यावर मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले, परंतु आमच्या मुक्कामात पद्धत बदलली नाही.

समुद्रस्नान हाच हेतू असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर मी तरीही याच अतिथीगृहाची शिफारस करीन. फक्त गोळा केलेल्या तेलगोळ्यांचे पुढे काय करता, हे आरक्षण करताना प्रत्येक पाहुण्याने त्यांना आवर्जून विचारावे.