सालसाचा सराव: ठरलेला जोडीदार बरा की बदलते?

क्लासच्या बाहेर सराव करायचा तर दोन पर्याय असतात. एक, ठरलेल्या जोडीदारासोबत तासभर घासायचं. दुसरा, गटात जाऊन दर गाण्याला जोडीदार बदलायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

गटाचा फायदा खराच आहे. कुणाची पकड घट्ट, कुणाचं पाऊल लांब. रोजचा जोडीदार पुढची फिगर (ठरीव चाल) ओळखून आपणहून वळतो, नवखा वळत नाही. लीड, म्हणजे नाच चालवणाऱ्याचा इशारा, पोचलीच नाही हे लगेच कळतं. शे आणि मॉर्गन या संशोधकांचा १९७९ चा प्रयोगही याच बाजूचा: वेगवेगळ्या हालचालींचा आलटूनपालटून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतर त्यांच्याच जास्त लक्षात राहिलं. अर्थात तो हाताच्या हालचालींवरचा प्रयोग होता, नाचावरचा नव्हे.

तरी माझं मन गटात रमलं नाही, ते एका शब्दामुळे: ‘सॉरी’. क्रॉस बॉडी लीडचंच बघा, म्हणजे लीडरने (नाच चालवणाऱ्याने) फॉलोअरला (त्याच्या इशाऱ्यावर नाचणारीला) आपल्यासमोरून पलीकडे नेण्याची फिगर. आठच्या मोजणीत ३ वर लीडरने बाजूला होऊन वाट द्यायची, म्हणजे ५-६-७ वर फॉलोअर सरळ निघून जाते. लीडर अर्धाच सरकला तर ती छोटी पावलं टाकत त्याला वळसा घालते, जेमतेम ७ गाठते, आणि वर स्वतःच सॉरी म्हणते. तोही म्हणतो. दोघं हसतात, गाणं संपतं, आणि तीच चूक पुढच्या जोडीदाराच्या वाट्याला जाते. अनोळखी माणसाला कोण कशाला तोंडावर सांगेल?

ठरलेल्या जोडीदाराला मात्र मध्येच थांबवता येतं. ‘३ वर मला जागा मिळत नाहीये’ एवढं म्हटलं की पुरतं. मग गाणं बंद करून नुसत्या मोजणीवर तेवढाच तुकडा, मग पाऊण वेगाने गाणं, आणि शेवटी काहीही झालं तरी न थांबता एक पूर्ण गाणं. राहिला प्रश्न आधीच वळण्याचा. त्यावर आमचा तोडगा असा: सुरुवात नेहमीसारखी करायची, पण वळवायचं की नाही ते लीडरने ऐनवेळी ठरवायचं. पहिल्याच गाण्यात कोण अंदाजाने नाचतंय ते उघडं पडतं.

तुमचा सगळा नाच पार्टीतच होणार असेल, तर अधूनमधून गटात जायला हवं, हे मान्य. पण आठवड्याला एकच तास हाताशी असेल, तर मी तो जोडीदारालाच देईन. तोही फार तयारीचा नसला तरी चालेल, वेळेवर येणारा हवा.